खरी कुस्ती

आखाड्यात उतरलेल्या मल्लाला काहीही लपविता येत नाही. त्याने किती वर्षे मेहनत केली, त्याच्या छातीत दम किती, त्याला डाव किती येतात, हे सारे थोड्याच वेळात उघडे पडते. परंतु जेथे कुस्तीचा निकाल आखाड्याबाहेर आधीच ठरविला जातो, तेथे ही पारख थांबते. मग दुबळ्या तयारीचा माणूसही अजिंक्यवीर म्हणून मिरवू शकतो. अमेरिकेत १९२५ साली असाच एक अजिंक्यवीर मिरवत होता. त्याचे सोंग ज्याने एका रात्रीत उतरविले, त्या मल्लाने वयाची पंचेचाळीस वर्षे गाठली होती. त्याचे नाव स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामा पहिलवानाचा प्रतिस्पर्धी म्हणून भारतात हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. अमेरिकेतील त्या रात्रीची हकीकत मात्र बहुतेक विस्मृतीत गेली आहे.

झिबिस्कोचा जन्म १८८० च्या सुमारास गॅलिशिया प्रांतातील योद्लोवा या गावी एका पोलिश कुटुंबात झाला. त्या काळी पोलंड नावाचे स्वतंत्र राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता, आणि गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला होता. मुलाचे मूळ नाव यान स्टॅनिस्लाव त्सिगानिएविच असे लांबलचक होते. पोलंडच्या कथांतील एका शूर तरुण सरदाराच्या नावावरून त्याला ‘झिबिस्को’ म्हणू लागले, आणि पुढे तेच नाव जगभर गाजले. त्याचा धाकटा भाऊ व्लाडेक हाही नामांकित मल्ल झाला.

झिबिस्को उंचीने बेताचाच होता. साडेपाच फुटांहून थोडासा अधिक. पण त्याची छाती पिंपासारखी, मान बैलासारखी आणि खांदे अतिशय रुंद होते. एकदा तो गादीला चिकटला, की त्याला उलथविणे म्हणजे जमिनीत रुतलेला धोंडा उपटण्यासारखे होते. त्याचे शिक्षण ग्रीक-रोमन पद्धतीच्या कुस्तीत झाले. या पद्धतीत कमरेखाली पकड करता येत नाही आणि पायांनी डाव टाकता येत नाही. सगळी मदार हात, छाती, पाठ आणि मान यांच्या बळावर असते. युरोपातील मोठमोठ्या शहरांत कुस्त्या मारून त्याने नाव मिळविले. तो केवळ अंगाने दांडगा नव्हता. त्याला वाचनाची आवड होती व अनेक भाषा अवगत होत्या.

१९०९ साली तो अमेरिकेत गेला. तेथे फ्रँक गॉच हा जगज्जेता म्हणून प्रसिद्ध होता. त्या वर्षी बफेलो शहरात गॉचला एका तासात झिबिस्कोला चीत करता आले नाही, आणि झिबिस्कोची कीर्ती वाढली. पुढील वर्षी १ जून रोजी शिकागो येथे दोघांची पुन्हा गाठ पडली. कुस्ती सुरू होताच झिबिस्कोने रीतीप्रमाणे हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. गॉचने ती संधी साधून झडप घातली आणि अवघ्या सहा-सात सेकंदांत त्याची पाठ टेकविली. पुढचा डावही गॉचनेच जिंकला. भोळेपणाने पुढे केलेला हात किती महाग पडतो, हा धडा झिबिस्कोला हजारो प्रेक्षकांसमोर मिळाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्याची गाठ आणखी मोठ्या मल्लाशी पडली. शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या आश्रयाने भारतातील काही पहिलवान इंग्लंडला गेले होते, आणि त्यांचा मुकुटमणी होता गामा. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि झिबिस्को ‘जॉन बुल’ पट्ट्यासाठी लढले. जिंकणाऱ्यास पट्ट्याबरोबर २५० पौंडांचे बक्षीस होते. गामाच्या चपळाईपुढे आपला टिकाव लागत नाही, हे झिबिस्कोने लवकरच ओळखले. तो पालथा पडला आणि गादीला घट्ट चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामाने नाना डाव केले. पण ते अवजड शरीर उलटेना. शेवटी कुस्ती अनिर्णित राहिली. आठवड्याने दोघांनी पुन्हा लढावे असे ठरले. त्या दिवशी गामा हजर झाला. झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. झिबिस्कोच्या नावाला मात्र एक डाग लागला.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. झिबिस्को त्या काळात रशियात अडकून पडला. मल्लाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची कितीतरी वर्षे अशी वाया गेली. युद्ध संपले, पोलंड स्वतंत्र झाला, आणि चाळिशी गाठलेला झिबिस्को पुन्हा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. ६ मे १९२१ रोजी न्यूयॉर्क येथे एड लुईसचा पराभव करून त्याने जागतिक अजिंक्यपद मिळविले. पण ते दहा महिनेच टिकले. ३ मार्च १९२२ रोजी विचिटा शहरात लुईसने ते परत घेतले. केस गेलेला, वय झालेला हा मल्ल आता मागे पडणार, असेच सर्वांना वाटले.

या वेळेपर्यंत अमेरिकेतील कुस्तीचे रूप पालटले होते. पूर्वी खऱ्या कुस्त्या तासन्‌तास चालत. १९१६ साली ओमाहा शहरात एड लुईस आणि जो स्टेचर यांची कुस्ती सुमारे पाच तास चालून बरोबरीत सुटली होती. दोघेही तुल्यबळ, कोणीच चूक करीना. जाणकारांना अशा कुस्तीत गोडी वाटते, पण तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक कंटाळून जातात. प्रेक्षक कंटाळले, की ठेकेदारांची गल्लापेटी रिकामी राहते. म्हणून लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट नावाचा दुसरा मल्ल अशा तिघांनी मिळून एक नवा मार्ग काढला. त्यांनी अनेक मल्लांना पगारावर बांधून घेतले आणि नाटक मंडळीप्रमाणे गावोगाव फिरण्यास सुरुवात केली. कुस्तीला वेळेची मर्यादा घातली. उचलून आपटण्याचे, उड्या मारण्याचे डोळे दिपविणारे प्रकार तिच्यात आणले. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, कोणी जिंकावे व कोणी हरावे हे ते आधीच ठरवू लागले. पैशाचा पूर लोटला. या तिघांना पुढे ‘सुवर्णरजाचे त्रिकूट’ असे नाव पडले.

प्रेक्षकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते प्रत्येक कुस्ती खरी समजून पैसे मोजीत, ओरडत, हळहळत.

तथापि या साऱ्या व्यवहाराला एक भक्कम आधार होता. खुद्द एड लुईस हा अस्सल मल्ल होता. प्रतिस्पर्ध्याचे डोके काखेत धरून आवळण्याचा त्याचा डाव भयंकर होता. त्याच्या सरावासाठी लाकडाच्या दोन भागांत स्प्रिंगा बसवून एक कृत्रिम डोके तयार केले होते, आणि ते दाबून दाबून त्याने हातांत पोलादी ताकद आणली होती. त्यामुळे एखाद्या मल्लाने ठरलेले मोडून खरोखर लढण्याचा प्रयत्न केला, तरी लुईस त्याला सहज लोळवू शकत असे. खोट्या कुस्तीचे रक्षण खरे बळ करीत होते.

१९२५ च्या आरंभी त्रिकूटाला लोभ आवरला नाही. वेन मन नावाचा एक धिप्पाड तरुण त्यांच्या हाती लागला. तो सुमारे साडेसहा फूट उंच होता आणि त्याचे वजन अडीचशे पौंडांहून अधिक होते. नेब्रास्का विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळून त्याने लौकिक मिळविला होता. त्याला पाहण्यासाठी लोकांच्या झुंडी लोटत. त्याला कुस्ती मात्र फारशी येत नव्हती. पण जेथे निकाल आधीच ठरतो तेथे कुस्ती येण्याची गरज ती काय, असा विचार त्रिकूटाने केला असावा. ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटी येथे लुईस मनकडून हरला आणि जागतिक अजिंक्यपद मनला मिळाले.

आता मनची कीर्ती पक्की करावयाची, तर त्याने एखाद्या नामवंत मल्लाला हरविले पाहिजे. या कामासाठी त्रिकूटाने झिबिस्कोला हाताशी धरले. त्याचे नाव जगभर झालेले होते, आणि वय झाल्यामुळे त्याच्यापासून धोका संभवत नव्हता, असा त्यांचा हिशेब होता. म्हाताऱ्या सिंहाने तरुणापुढे मान तुकवावी, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात आणि सर्वांनी पैसे घेऊन घरी जावे, असा हा बेत होता. झिबिस्कोने तो मान्य केला. निदान तसे दाखविले.

१५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया शहरात कुस्तीचा फड भरला. एका बाजूला ताडमाड उंच, तरुण, देखणा मन. दुसऱ्या बाजूला बुटका, टक्कल पडलेला झिबिस्को. कुस्ती लागली, आणि थोड्याच वेळात मनच्या ध्यानात आले, की समोरचा मल्ल ठरल्याप्रमाणे वागत नाही. झिबिस्कोची पकड ढिली पडेना. पंचवीस वर्षांच्या तालमीत मुरलेले डाव एकामागून एक येऊ लागले. मनजवळ उंची होती, वजन होते, तारुण्य होते. पण पकड सोडवावी कशी, खांदे वाचवावेत कसे, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. झिबिस्को त्याला पुनःपुन्हा खाली आणू लागला. मनचे खांदे गादीला टेकलेले सगळ्या सभागृहाला दिसत होते. पंच तरी किती वेळ डोळेझाक करणार? अखेर त्याला निकाल द्यावाच लागला. झिबिस्कोने लागोपाठ दोन वेळा मनला चीत केले आणि कुस्ती संपली.

ज्या मल्लाला हरण्यासाठी बोलाविले होते, तो जगज्जेता झाला. त्रिकूटाने महिनोन्‌महिने रचलेला डोलारा त्या रात्री कोसळला. मनच्या नावावर गोळा होणारा पैसा आटला. कारण हा अजिंक्यवीर कितपत खरा आहे, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

झिबिस्कोने हे का केले? त्यामागे निव्वळ सत्यप्रेम होते असे म्हणता येणार नाही. त्रिकूटाचे प्रतिस्पर्धी ठेकेदार जो स्टेचरच्या बाजूला होते, आणि त्यांनी झिबिस्कोला पैसे देऊन आपल्याकडे वळविले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे घडलेल्या गोष्टींवरून ते खरे वाटते. ३० मे १९२५ रोजी सेंट लुईस येथे झिबिस्को स्टेचरकडून हरला आणि अजिंक्यपद स्टेचरच्या गोटात गेले. झिबिस्कोचे जगज्जेतेपद अवघे पंचेचाळीस दिवस टिकले. त्याच दिवशी दुसरीकडे, मिशिगन सिटी या गावी, लुईसने मनला हरविले आणि आपणच खरे जगज्जेते असल्याचे जाहीर केले. अशा रीतीने एका जगाला दोन जगज्जेते झाले. हा घोळ २० फेब्रुवारी १९२८ रोजी लुईसने स्टेचरला हरवीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे चालू राहिला.

तेव्हा झिबिस्कोने दिलेला शब्द मोडला हे खरे, आणि त्यासाठी त्याला मोबदला मिळाला असावा हेही खरे. परंतु तो शब्द लोकांच्या फसवणुकीसाठी दिलेला होता, हे विसरता येत नाही. आणखी एक गोष्ट कोणत्याही ठेकेदाराच्या हातची नव्हती. त्या रात्री मनला चीत केले ते पैशाने नव्हे. पंचेचाळीस वर्षांच्या देहात साठलेल्या विद्येने ते काम केले. पैसा देऊन कुस्तीचा निकाल विकत घेता येतो, पण कुस्ती विकत घेता येत नाही. ती वर्षानुवर्षे घाम गाळून मिळवावी लागते. नेमके हेच त्रिकूट विसरले होते.

हीच कसोटी तीन वर्षांनी झिबिस्कोलाही द्यावी लागली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह हे गामाचे आश्रयदाते होते. १९१० साली लंडनमध्ये अपुरी राहिलेली कुस्ती पुरी व्हावी, म्हणून झिबिस्कोला पतियाळास बोलावण्यात आले. १९२८ च्या जानेवारी महिन्यात हजारो लोकांच्या समोर दोघे आखाड्यात उतरले. दोघांचीही वये पन्नाशीला टेकली होती. या वेळी पायांखाली गादीऐवजी माती होती, आणि पालथे पडून तासन्‌तास काढण्याची संधी गामाने दिली नाही. कुस्ती लागली न लागली तोच गामाने झेप घेतली आणि एक मिनिट पुरे होण्याच्या आत झिबिस्कोला अस्मान दाखविले. अठरा वर्षे लांबलेला निकाल एका मिनिटात लागला. मन जसा झिबिस्कोपुढे उघडा पडला, तसाच झिबिस्को गामापुढे पडला. खऱ्या आखाड्याचा न्याय असा सर्वांना सारखाच असतो.

पण लंडनला न आलेला झिबिस्को पतियाळाला आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रतिस्पर्धी कोण आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही समुद्र ओलांडून, वयाच्या पन्नाशीला, परक्या देशात, परक्या मातीवर तो उभा राहिला. जुना डाग पुसून टाकण्याचा हाच एक मार्ग होता.

यानंतर झिबिस्को हळूहळू आखाड्यातून दूर झाला. पण त्याचा स्वाभिमान कमी झाला नाही. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने उत्क्रांतीविषयीच्या लेखात गोरिलाच्या चित्राशेजारी झिबिस्कोचे छायाचित्र छापले, आणि दोघांच्या शरीराच्या ठेवणीत फारसा फरक नसल्याचे सुचविले. झिबिस्कोने त्या वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. असा मजकूर माणसाची अप्रतिष्ठा करणारा ठरू शकतो, असे १९३० साली न्यायालयाने मानले व दावा चालण्याजोगा ठरविला. बलवान माणूस म्हणजे पशू नव्हे, हे त्याने न्यायालयात जाऊन सांगितले.

पुढे दोघे भाऊ अमेरिकेतील मिसुरी राज्यात शेतावर राहू लागले. १९५० साली ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटात झिबिस्कोने एक भूमिका केली. दिग्दर्शक ज्यूल्स डासिन याला वृद्ध मल्लाच्या कामासाठी खराखुरा मल्ल हवा होता. ग्रेगोरियस नावाच्या या मल्लाला जुन्या, खऱ्या कुस्तीचा अभिमान आहे, आणि पैशासाठी चाललेल्या तमाशाची त्याला चीड आहे. चित्रपटात एका तरुण, आडदांड मल्लाने डिवचल्यावर हा वृद्ध खवळून उठतो आणि आपल्या विद्येच्या बळावर त्याला नमवितो. सत्तरीचा झिबिस्को ते काम करीत असताना, फिलाडेल्फियाची ती रात्र त्याला आठवत नसेल काय? प्रेक्षकांतील फारच थोड्यांना ती ठाऊक होती.

त्याच्या शेतावर कुस्ती शिकण्यासाठी तरुण मुले येत. शेतातील कामे करावीत आणि त्याबरोबर दोघा वृद्ध भावांकडून पकडी व पेच शिकावेत, असा तेथील क्रम असे. हार्ली रेस नावाचा एक मुलगा १९५० नंतरच्या दशकात तेथे राहिला. १९७३ साली हाच मुलगा व्यावसायिक कुस्तीतील एका मोठ्या संघटनेचा जगज्जेता झाला. २३ सप्टेंबर १९६७ रोजी झिबिस्को मिसुरी राज्यातच मरण पावला.

गामाच्या नावाबरोबर झिबिस्कोचे नाव भारतात टिकून राहिले, पण ते हरलेला मल्ल म्हणून. तो जगज्जेता होता, हे कित्येकांना माहीत नसते. आणि दुसऱ्यांदा तो कसा जगज्जेता झाला, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक आहे. त्याच्या हातून चुका घडल्या. त्याने एकदा कुस्ती टाळली, आणि खोट्या कुस्तीच्या धंद्यातही तो वावरला. पण त्या धंद्याने उभारलेला लाकडी सिंह त्याच्यासमोर आला, तेव्हा त्याला पाडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी होते. लहानपणापासून केलेली मेहनत उतारवयातही त्याच्या उपयोगी पडली. पट्टा पंचेचाळीस दिवसांत गेला. विद्या मात्र शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली, आणि जाताना ती तो पुढच्या पिढीच्या हाती देऊन गेला.